कंपन्या असताना शेतीच्या संशोधनावर सरकारने आणि विद्यापीठांनी पैसा का घालावा?

तुम्ही विचारलंय की बियाणं, औषधं, यंत्रं सगळं कंपन्याच बनवतात, मग सरकारी संशोधन केंद्रं आणि कृषी विद्यापीठं नेमकं करतात काय? आणि त्याचा शेतकऱ्याला, खाणाऱ्याला किंवा निसर्गाला काही फायदा होतो का? मी काही वर्षं गहू पैदाशीच्या सरकारी प्रकल्पात होतो, तेव्हा माझं माप थोडं झुकतं असेल हे धरून वाचा.

कंपनीला जे विकता येतं तेच तिला परवडतं. यात तिचा काही दोष नाही. पण शेतीला उपयोगी पडणाऱ्या कितीतरी गोष्टी विकताच येत नाहीत. ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा घ्या. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं ते रोजचं अन्न. १९७०च्या दशकात तिथे त्यावर पिठ्या ढेकूण आला आणि शेतंच्या शेतं वाळायला लागली. पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, कीडही तिकडचीच, पण किडीला आवरणारे तिचे शत्रू मात्र तिकडेच राहिलेले. नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांनी हा प्रश्न हाती घेतला. या संस्थेला पैसा मुख्यतः निरनिराळ्या देशांची सरकारं देतात. शोध घेता घेता १९८१ मध्ये पॅराग्वेत ही कीड सापडली, आणि तिच्या अंगात अंडी घालणारी एक इवलीशी गांधीलमाशीही. ती आधी विलगीकरणात ठेवून तपासली, मग वाढवून सोडली, काही ठिकाणी तर विमानातून. पुढे ती वीसहून अधिक देशांत स्थिरावली आणि किडीचा जोर ओसरला. शेतकऱ्याला ना काही विकत घ्यावं लागलं, ना फवारावं लागलं. आता सांगा, हा धंदा कुठली कंपनी करील? एकदा सोडलेली माशी शेजारच्या शेतात जाताना कोणाच्या नावाने पावती फाडत नाही.

बियाण्याचंही थोडंफार तसंच. संकरित मक्याचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, म्हणून कंपन्या तिथे जोमाने उतरल्या. गहू आणि भात स्वपरागसिंचित, म्हणजे त्यांचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे शेतकरी घरचंच बी पुन्हा पेरू शकतो. मग या पिकांचे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण जगात बहुतेक ठिकाणी सरकारी पैशातूनच आले, यात नवल ते काय.

ते काम कसं चालतं ते सांगतो. गव्हाचा संकर करायचा तर परागकोश अजून हिरवे असतानाच ओंबी धरावी लागते. प्रत्येक कणिशकातली, म्हणजे ओंबीवरच्या फुलांच्या छोट्या झुपक्यातली, मधली बारीक फुलं चिमट्याने उपटून टाकायची, उरलेल्या फुलांची टोकं कात्रीने छाटायची आणि प्रत्येक फुलातले तीन परागकोश अलगद, न फोडता उचलायचे. एखादा फुटला तर त्या ओंबीवर भरवसा ठेवता येत नाही. वर बटर पेपरची पिशवी, देठाला टॅग, टॅगवर तारीख. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर झाडायचे. हातात येतात मूठभरही नाहीत एवढे दाणे. तिथून वाण शेतकऱ्यापर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

आणि यातली बरीचशी मेहनत उत्पादन वाढवण्यासाठी नसतेच. आहे ते घटू नये म्हणून असते. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची, म्हणजे गव्हाच्या एका बुरशीजन्य रोगाची, नवी जात आढळली, तिला यूजी९९ म्हणतात. जगभरच्या गव्हांत भरवशाचा मानलेला एक प्रतिकारक जनुक तिच्यापुढे टिकला नाही. तेव्हापासून अनेक देशांचे गहू केनियातल्या न्जोरो इथे पेरून, तांबेऱ्याच्या तोंडी देऊन पारखले जातात. शेजारी मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावलेल्या असतात, म्हणजे रोग हमखास पसरतो. यातून साथ टळली तर बातमी होत नाही, आणि अंदाजपत्रकात कात्री लागताना हेच काम आधी सापडतं.

दुसरी गोष्ट चिकाटीची. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या एका शेतात १८४३ पासून गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे. (सुरुवात जॉन लॉज या खत कारखानदाराने स्वतःच्या जमिनीवर केली, हे कंपन्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.) तिथले दाण्यांचे, काडाचे, मातीचे जुने नमुने जपून ठेवलेले आहेत. त्यातून बुरशींचा डीएनए काढून २००५ मध्ये दाखवलं गेलं की गव्हाच्या दोन पानरोगांपैकी कुठला वरचढ ठरतो हे हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणाप्रमाणे बदलत गेलं. नमुने भरून ठेवणाऱ्यांना असलं काही शक्य होईल याची कल्पनाही नसणार.

खाण्याच्या सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, कारण बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. आज धान्य, शेंगदाणे, दूध यांत ते किती चालेल याच्या मर्यादा आहेत, त्या या कामावर उभ्या आहेत.

निसर्गसंवर्धनाचं उदाहरण मला गिधाडांचं द्यावंसं वाटतं. १९९०च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं झपाट्याने संपायला लागली. रोग असेल, कीटकनाशक असेल, नाना तर्क झाले. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं केली तर मूत्रपिंडं निकामी आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर. पेरेग्रीन फंड ही स्वयंसेवी संस्था आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे संशोधक यांनी २००४ मध्ये कारण छापलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. पण नुसत्या बंदीने भागत नाही, पशुवैद्याच्या हाती दुसरं काही द्यावं लागतं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांवर तपासलं गेलं, ते निर्धोक निघालं, आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ तिन्ही देशांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. ज्यांच्या औषधाचा खप बुडणार होता, त्यांनी हा खटाटोप आपणहून केला असता का?

पैसा वाया जातो का, असंही तुम्ही विचारलंय. जातो. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती मिळते, तेव्हा बांधावर न पोचणारे निबंध निघणारच. पण माझ्या मते खरी गळती पुढे असते, बीजोत्पादनात. वाण प्रसारित झाला की पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, अशा बी टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मधली एक जरी राहिली तरी वाण फायलीत पडून राहतो. ओडिशातल्या एका जुन्या भाताचा जनुक ‘स्वर्णा’ वाणात उतरवून केलेला स्वर्णा-सब१ सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. तो २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला, आणि सरकारी यंत्रणेने त्याचं बी भराभर वाढवलं म्हणून पूरग्रस्त भागांत पोचला. निधीला कात्री लावायचीच असेल तर मी चार नवे प्रकल्प थांबवीन, पण बीजोत्पादनाला हात लावणार नाही.