ओळखीने नोकरी मागावी का?

प्रश्न : मी लोअर परळच्या एका कंपनीत अकरा वर्षे लेखा विभागात काम करते. डोंबिवलीहून सकाळी सव्वाआठची फास्ट पकडते आणि रात्री घरी पोहोचायला साडेनऊ वाजतात. त्यानंतरही कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘एवढे एक शीट बघून घ्या’ असा निरोप येतोच. गेल्या आठ महिन्यांत मी ऑनलाइन दीडशेहून अधिक अर्ज केले. मुलाखतीला दोनदाच बोलावणे आले. सहकारी म्हणतात, लिंक्डइनवर रोज काहीतरी लिही, ओळखी वाढव. माझे वडील 1982 च्या संपापर्यंत लालबागच्या गिरणीत होते. त्यांच्या मते ओळखीने मिळवलेली नोकरी म्हणजे वशिला. मी काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दीडशे अर्जांना उत्तर आले नाही, हा आपल्या पात्रतेवरचा शेरा समजू नका. पूर्वी अर्ज टाइप करून, प्रमाणपत्रांच्या प्रती जोडून, पाकिटाला तिकीट लावून पाठवावा लागे आणि त्या खटाटोपामुळेच अर्जदारांची संख्या आटोक्यात राहत असे. आता बटण दाबले की अर्ज जातो, त्यामुळे एका जागेसाठी शेकडो अर्ज येऊन पडतात आणि त्यांची पहिली चाळण पुष्कळदा सॉफ्टवेअरच जाहिरातीतले शब्द जुळवून लावते. जाहिरातीत ‘जीएसटीआर-9’ असेल आणि आपण ‘वार्षिक विवरणपत्र’ लिहिले असेल, तर तेवढ्यावरही अर्ज मागे पडू शकतो. या गर्दीला कंटाळूनच अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना ‘कोणी माहितीचे आहे का?’ असे विचारतात आणि सुचवलेली व्यक्ती रुजू झाली तर सुचवणाऱ्याला बक्षिसाची रक्कमही देतात. म्हणजे ज्याला आपण विचारणार, त्याच्यावर केवळ ओझेच पडते असे नाही.

आता वडिलांच्या आक्षेपाकडे येऊ. तो मला पोकळ वाटत नाही, कारण गिरणगावाने वशिला जवळून पाहिला आहे. गिरणीतली भरती एके काळी जॉबरच्या, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाच्या, हातात असे आणि कामावर लावण्यासाठी तो दस्तुरी, म्हणजे लाच, घेत असे. पण त्याच गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्याही होत्या. कोकणातून आलेला मुलगा तिथे वळकटी टाकायचा, आणि अमक्या गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, बदली कामगार हवे आहेत ही बातमी त्याला शेजारी झोपणाऱ्या गाववाल्याकडूनच कळायची. वडिलांना एकदा विचारून पाहा, त्यांना गिरणीच्या दारापर्यंत पहिल्यांदा कोणी नेले? जॉबरची दस्तुरी आणि गाववाल्याने दिलेली बातमी यांत जो फरक होता, तोच वशिल्यात आणि ओळखीत आहे. आपण बातमी मागावी. निवड व्हायची ती मुलाखतीतच होऊ द्यावी.

ही बातमी सहसा जिवलग माणसांकडून येत नाही, कारण त्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे दाखवले : बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीची होती, बाकीच्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांशी होती. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही जवळपास तेच सांगतो, पण त्यात एक पुस्ती आहे. सर्वाधिक उपयोग बेताच्या ओळखीचा होतो, अगदीच नावापुरत्या ओळखीचा नाही. तेव्हा अनोळखी लोकांना धडाधड जोडत सुटू नका, आणि रोज सकाळी प्रेरणादायी मजकूर लिहिण्याचे दुसरे बिनपगारी कामही अंगावर घेऊ नका. आपली माहिती अद्ययावत ठेवली तरी पुरे.

त्याऐवजी अकरा वर्षांत कंपनी सोडून गेलेले सहकारी, ऑडिटला येणारी मंडळी, एखादा जुना वर्गमित्र अशी आठ-दहा नावे वहीत लिहा. आपल्या लेडीज डब्यातला ग्रुपही विसरू नका. तिथे कोणाच्या मुलाला दहावीला किती टक्के पडले हे सर्वांना पाठ असते, पण कोण कोणत्या खात्यात काम करते हे पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते. निरोप साधा असावा : ‘आपण ऑडिटच्या वेळी एकत्र काम केले होते. मी नोकरी बदलण्याचा विचार करत आहे. तुमच्याकडे लेखा विभागात किती जण आहेत, कोणते सॉफ्टवेअर वापरतात आणि महिनाअखेरच्या क्लोजिंगला किती वाजेपर्यंत बसावे लागते, हे फोनवर दहा मिनिटांत सांगाल का?’ यातला शेवटचा प्रश्न गाळू नका. जाहिरातीत त्याचे उत्तर छापलेले नसते आणि आपला मूळ त्रास तर तोच आहे.

कारण तासांचा हा प्रश्न केवळ थकव्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे खरी, पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना तीतून वगळले आहे, आणि हाताखाली एकही माणूस नसलेले ‘असिस्टंट मॅनेजर’ मुंबईत किती आहेत हे आपण जाणताच. कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडले होते, मात्र त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून कायद्याची वाट न पाहता आठवड्यातले दोन दिवस ठरवून संध्याकाळी साडेसहाला कामावरून उठा, आणि ते वरिष्ठांना आधी सांगून ठेवा. वहीतल्या नावांना फोन त्याच दोन संध्याकाळी करा. दरम्यान आपल्या नेमणूकपत्रातील नोटीसचा कालावधी काढून पाहा. तो 90 दिवसांचा असेल तर समोरच्याला पहिल्याच फोनवर तसे सांगा. एवढे थांबण्याची तयारी नसलेली जागा मग आपोआपच बाजूला पडेल.