मावशी, अनारसा तुपात का हसतो?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त अनारशांची आहेत, आणि ते साहजिकच आहे. १७ मे २०२६ ला अधिक ज्येष्ठ लागतोय, घरोघरी जावयाच्या वाणाची बोलणी सुरू झाली असतील. म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त देते आहे.

प्रश्न : मावशी, मागच्या अधिक महिन्यात, २०२३ च्या श्रावणात, वाणासाठी अनारसे करायला घेतले. पहिलाच तुपात सोडला आणि चुरा होऊन कढईभर पसरला. प्रमाण सासूबाईंचंच होतं, त्यांचे कधी बिघडल्याचं आठवत नाही. शेवटी बत्तासे देऊन वेळ भागवली. यंदा ३३ अनारसे घरचेच द्यायचे आहेत. — एक वाचक, बार्शी

उत्तर : प्रमाणाला दोष देऊ नका, महिना बघा. २०२३ चा अधिक महिना १८ जुलैला लागला होता, ऐन पावसाळ्यात. भिजवलेला तांदूळ त्या हवेत कापडावर कितीही पसरा, वरून कोरडा वाटतो आणि पोटात पाणी तसंच राहतं. पीठ ओलं, त्यात गूळ मिसळला की त्यालाही पाणी सुटतं. चार दिवसांनी डबा उघडावा तर पीठ सैल झालेलं. असा अनारसा तुपात हसणारच, म्हणजे सुटून पसरणारच.

यंदा सगळं उलटं होणार आहे. मे महिन्यात पंख्याखालचा तांदूळ बघता बघता खडखडीत होतो. त्याचा अनारसा मोडत नाही, पण कडक होतो आणि जाळी धरत नाही. तेव्हा 'तासभर सुकवा' असं कुठेही वाचलंत तरी त्यावर विसंबू नका. मधून मधून चार दाणे बोटांत चुरडून बघा. दाणा सहज मोडायला हवा, बोटाला गारवा लागायला हवा, पण ओल लागता कामा नये. दळल्यावर पीठ मुठीत आवळा. मुटका झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. ही परीक्षा साधली की तीन चतुर्थांश काम झालं.

तांदूळ जुना आणि साधा घ्या. आंबेमोहोर, इंद्रायणी चिकट, ते इथे नकोत. तीन दिवस भिजवायचा, आणि या उकाड्यात पाणी दिवसातून दोनदा बदलायचं, नाहीतर वास धरतो. पीठ मैद्याच्या चाळणीने चाळा, कणी राहिली तर अनारसा तिथेच तडकतो. चार वाट्या पिठाला तीन वाट्या किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. गूळ साधा, मऊ; चिक्कीचा गूळ अजिबात नको. घट्ट गोळे करून डब्यात भरा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत पीठ तयार होतं, मग डबा फ्रीजमध्ये जाऊ द्या. म्हणजे वाणाच्या आधी दहा दिवस तरी तांदूळ भिजत पडला पाहिजे.

आता खरी युक्ती. गूळ घालण्याआधी वाटीभर पीठ बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा. पहिला अनारसा हसला, म्हणजे गूळ जास्त झालाय. राखलेल्या पिठातलं दोन चमचे मळून घ्या आणि पुन्हा एकच तळून बघा. कडक झाला तर चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा लहान तुकडा मळा. पहिला अनारसा चाचणीचाच असतो, तो हातात घेऊन मोडून बघितल्याशिवाय पुढचा थापू नका.

तळताना तूप मध्यमहून थोडं कमी तापलेलं हवं. गार तुपात तो फुटतो, कडक तुपात जाळी पडायच्या आत लाल होतो. खसखशीवर थापा, खसखशीची बाजू वर ठेवून सोडा, उलटू नका. झाऱ्याने वरून तूप उडवत राहा, जाळी डोळ्यांदेखत उमलते. कढईत एका वेळी एकच. काढल्यावर चाळणीत कडेला उभा करा, म्हणजे तूप निथळतं.

प्रश्न : नातीचा पाचवा वाढदिवस आहे. आमच्याकडे ओव्हन नाही आणि घरात अंडं चालत नाही. मागे कुकरमध्ये केक केला, तर वरून डोंगरासारखा फुगून चिरला आणि आत कच्चा राहिला. तिला आंब्याचा केक हवा आहे. — एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, आच मोठी होती. कडेचं पीठ आधी शिजून घट्ट झालं, मधलं नंतर फुगलं आणि वाट मिळेल तिथून वर आलं. भांडंही लहान आणि खोल असणार. सात इंची पसरट डबा घ्या आणि निम्माच भरा.

आणि रोजचा कुकर वापरू नका. पाण्याशिवाय बराच वेळ तापवणं त्याला चांगलं नाही. जाड बुडाचं जुनं पातेलं असेल तर उत्तम. कुकरच घ्यायचा झाला तर जुना घ्या, रिंग आणि शिटी आठवणीने काढा. तळाशी मिठाचा थर, वर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. केक आत ठेवला की आच अगदी बारीक.

पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी घट्ट दही आणि अर्धी वाटी हापूसचा रस एकत्र फेटा. त्यात सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवा, फेस येईल. मग अर्धी वाटी तेल आणि थोडा थोडा करून दीड वाटी चाळलेला मैदा. मिश्रण झालं की थांबायचं नाही, लगेच डब्यात ओतून आत. पस्तीस मिनिटं झाकण उघडू नका, नंतर सुरी खुपसून बघा. रस डब्यातला गोड असेल तर साखर कमी करा. रंग हवा म्हणून हळद मात्र घालू नका, सोड्याशी गाठ पडली की ती लालसर होते आणि केकवर तांबडे डाग दिसतात.

प्रश्न : नानकटाई भट्टीत टाकली की पसरून चपटी पोळी होते. — एक वाचक, कराड

उत्तर : तूप वितळलेलं आहे. उन्हाळ्यात ते ओट्यावरच पातळ होतं. थिजलेलं तूप पिठीसाखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसा, मैदा मिसळा, गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि ओव्हन पुरता तापल्यावरच आत ठेवा. पूर्वी सामानाचे डबे घेऊन आपण बेकरीत जायचो, तिथली भट्टी सतत तापलेली असायची, म्हणून तिथे हा प्रश्न पडत नसे.

प्रश्न : आईला पंचाहत्तर पूर्ण होतायत. घरचेच पंचवीस जण जेवायला असतील. केटरर नको, मी आणि बायको मिळून करणार. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. किती सामान आणू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा आईच्या वाढदिवसाला पदर खोचून उभा राहतोय, याचा मला फार आनंद झाला. लिहून घ्या. पुरीला तीन किलो कणीक, त्यात दोन मुठी बारीक रवा, मळायची घट्ट. साधारण १३५ पुऱ्या होतील. बटाटे तीन किलो. मसालेभाताला तांदूळ पावणेदोन किलो पुरे, कारण सोबत पुरी आहे. नुसता भात असता तर अडीच सांगितला असता. तोंडली, वाटाणा मिळून किलोभर. चक्का दीड किलो आणि साखर एक किलोहून थोडी जास्त, म्हणजे माणशी शंभर ग्रॅम श्रीखंड येतं. काकडीची कोशिंबीर दीड किलोची.

श्रीखंड आदल्या रात्री करून ठेवा, ते मुरल्यावरच चवीला येतं. चक्का आंबट निघाला तर साखर वाढवून झाकू नका, तो परत करा. भाजी सकाळी. मसालेभात पंगत बसायच्या पाऊण तास आधी गॅसवर. पुरीची कणीक मळून तासन्‌तास ठेवू नका, ती सैल होते आणि पुरी तेल पिते. एकाने लाटायचं, एकाने तळायचं, आणि वाढायला तिसरं माणूस आधीच ठरवून ठेवा. तुम्ही दोघं कढईपाशी अडकलात तर आईच्या पंगतीला तुम्हीच नसाल.

प्रश्न : मावशी, मी न्यू जर्सीत असते. डाळ इलेक्ट्रिक कुकरमध्ये शिजवते, पण पुरण पातळ होतं आणि पोळी लाटताना फाटते. इथला मैदा वेगळा म्हणून असेल का? — एक वाचक, एडिसन

उत्तर : मैद्याचा दोष थोडा आहे, पाण्याचा जास्त. त्या कुकरातून वाफ बाहेर जात नाही, म्हणून घातलेलं पाणी तसंच डाळीत राहतं. वाटीभर डाळीला अडीच वाट्या पाणी घाल, शिजली की चाळणीत ओतून पंधरा मिनिटं निथळू दे. तो कट फेकू नकोस, आमटी कर. मग गूळ घालून पसरट कढईत आटव, झारा उभा राहिला की उतरव आणि गरम असतानाच वाट.

पारीला तिथला मैदा आणि भारतीय दुकानातली कणीक निम्मी निम्मी घे. तो मैदा चिवट असतो, तेव्हा सैल भिजव, तेलाचा हात लावून भरपूर तिंब आणि दोन तास झाकून ठेव. कणीक आणि पुरण बोटाला सारखंच मऊ लागलं पाहिजे. पुरण सैल आणि पारी घट्ट झाली की पोळी फाटते, उलट झालं तर पुरण कडेला जातच नाही. लाटताना तांदळाची पिठी वापर, पोळी सरसर सरकते.

आणि तुझ्या आईचं माहेर जळगावकडचं आहे असं लिहिलं आहेस, तर पुरणपोळीबरोबर आमरस करच. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पोळी आणि रस हीच जोडी असते. हापूस नाही मिळाला तर तिकडे मेक्सिकोचा पिवळा आंबा मिळतो, त्याचा रस चांगला होतो. त्यात चिमूटभर मीठ आणि वरून चमचाभर तूप घाल.