सावळ्या रंगावर सोनं खुलत नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रंग सावळा, घरात लग्न आहे, आणि घरची मंडळी म्हणतात की पिवळं सोनं आणि लाल खडे तुला नकोत, रोज गोल्ड म्हणजे गुलाबी झाकेचं सोनं घे, नाहीतर ऑक्सिडाइज्ड म्हणजे मुद्दाम काळी केलेली चांदी. मग रंगानुसार दागिना निवडायचा कसा?

पिवळं सोनं नको म्हणजे नेमकं कोणतं सोनं नको? सांगलीच्या सराफ कट्ट्यावर हे वाक्य लग्नसराईत रोज कानावर पडतं आणि बोलणाऱ्याने बहुतेक वेळा दागिना नीट बघितलेलाच नसतो. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं. दहा ग्रॅमच्या दागिन्यात ९.१६ ग्रॅम सोनं आणि ०.८४ ग्रॅम हीण. रंगाचा सगळा खेळ त्या एक ग्रॅमही नसलेल्या हिणात आहे. त्यात तांबं जास्त पडलं की सोन्याला लालसर झाक येते, चांदी जास्त पडली की ते फिकट आणि किंचित हिरवट दिसतं. शिक्का दोन्हींवर ९१६चाच. विटा-आटपाडीकडची गलाईची माणसं देशभर सोनं आटवत फिरतात, त्यातल्या कुणालाही विचारा. त्यावर परत पॉलिश. गेरू पॉलिश केलेली ठुशी विटकरीकडे झुकते, मशीनची चकचकीत चेन लिंबाकडे. आणि एक ग्रॅमवाल्या दागिन्यावर जवळजवळ शुद्ध सोन्याचं पातळ पाणी असतं, म्हणून तो भडक पिवळा दिसतो. 'सोनं शोभत नाही' म्हणणाऱ्या दहातल्या सातजणींनी हे भडक पाणीच अंगावर बघितलेलं असतं, असा माझा अंदाज.

आता त्वचेचं. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा ही झाली गडदपणाची पायरी. झाक वेगळी. दोन सावळ्या मुली शेजारी उभ्या करा, एकीच्या रंगात पिवळा-तांबूसपणा असतो, दुसरीच्या रंगात निळसर-जांभळटपणा. धातूचा रंग ठरतो झाकेवरून. गडदपणावरून ठरतो तो दागिना लांबून उठून किती दिसणार ते. घरची मंडळी या दोन्हींची खिचडी करतात.

मनगटाची नस हिरवी तर सोनं, निळी तर चांदी, असा तक्ता हल्ली काउंटरवरची पोरंही मोबाईलवर दाखवतात. गोऱ्या मनगटावर तो थोडाफार चालतो. सावळ्या मनगटावर नस धड दिसतच नाही, आणि दिसली तरी बहुतेकांची हिरवटच वाटते. त्यापेक्षा असं करा. तोंड साध्या पाण्याने धुवा, दहा मिनिटं थांबा, पावडर-क्रीम काही नको. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीपाशी, थेट ऊन नाही अशा जागी बसा. खांद्यावर पांढरा पंचा घ्या, भडक कपडा नको. जबड्याखाली एका बाजूला बावीस कॅरेटचं कानातलं धरा, दुसऱ्या बाजूला काळी न पडलेली साधी चांदी. आणि दागिना बघू नका, त्वचा बघा. ज्या बाजूला डोळ्याखालचं काळं वाढल्यासारखं वाटतं, ओठाची कड राखाडी दिसते, तो धातू तुमचा नाही. दोन्हीकडे फरक वाटला नाही तर दोन्ही चालतात, विषय संपला. बघणारं माणूस चार-पाच फुटांवर असू दे. फोटोवर विसंबू नका, फोनचा कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. निदान चौकटीत एक कोरा पांढरा कागद तरी ठेवा. हात उन्हाने रापलेले असतात, म्हणून तपासणी गळ्यापाशी किंवा कानामागे करा. आणि हळद लागल्यावर दोन-तीन दिवस हा प्रयोग करू नका. आपल्याकडची हळद आहे ती, त्या रंगावर सगळंच सोनं मिसळून जातं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तासगावकडची एक मुलगी, तुमच्यासारखाच सावळा रंग, सोबत मावशी. मावशींचं ठरलेलं, 'हिला रोज गोल्ड दाखवा, पिवळं अंगावर मारतं.' मुलीचा हात सारखा ठुशीकडे. पहिली ठुशी गळ्याला लावली आणि मावशींचं म्हणणं खरंच वाटलं, गळा मळकट दिसला. पण काउंटरवरचा उजेड बघा ना. सोन्यावर साधारण तीन हजार केल्व्हिनचे पिवळे दिवे सोडलेले असतात, सोनं रसरशीत दिसावं म्हणून. त्या उजेडात सावळ्या त्वचेचा उबदारपणा आणि सोन्याचा पिवळा एकमेकांत विरघळतात. तीच ठुशी दारापाशी नेली, पायरीवर, दिवसाच्या उजेडात. निम्मा मळकटपणा तिथेच गेला. उरलेला निम्मा कशाचा होता? दोरीचा. ठुशीच्या मण्यांमधून आणि मानेच्या बाजूंनी गडद मरून रेशीम दिसत होतं. सावळ्या गळ्यावर मरूनची सावली पडल्यासारखी दिसते आणि मण्यांची कड हरवते. तिथेच हिरव्या गोंड्याची, त्याच वजनाची, गेरू पॉलिशची दुसरी ठुशी लावली. हिरव्याशेजारी त्वचेतला तांबूसपणा वर येतो, डोळ्याचा नियमच आहे तो, शेजारच्या रंगाचा विरुद्ध रंग जास्त दिसतो. मावशी गप्प झाल्या नाहीत, त्या म्हणाल्या 'ही वेगळी आहे.' अहो, वेगळी होती ती दोरी आणि पॉलिश. मुलीचा रंग तोच होता!

रोज गोल्डबद्दल स्पष्टच सांगते. अठरा कॅरेटचं रोज गोल्ड म्हणजे ७५ टक्के सोनं आणि उरलेल्यात बहुतेक तांबं. पिवळट-तांबूस झाकेच्या सावळ्या अंगावर ते त्वचेच्याच रंगात बुडतं. हातभर अंतरावरून नाजूक, छान. मांडवात सहा फुटांवरून गळा रिकामा. निळसर झाकेच्या सावळ्या रंगावर मात्र ते चांगलं दिसतं. 'सावळ्यांसाठी रोज गोल्ड' हा सरसकट सल्ला देणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

ऑक्सिडाइज्ड घ्यायचं तर नक्षीचा वर आलेला भाग घासून पांढरा काढलेला आहे का ते बघा. खोलगटात काळं आणि उंचवट्यावर चांदी, हा फरक दिसला तरच सावळ्या गळ्यावर नक्षी वाचता येते. सगळंच काळं असेल तर तो दागिना गळ्यात असून नसल्यासारखा. हुपरी हे कोल्हापूरकडचं चांदीच्या कामाचं गाव, तिथल्या मालात दोन्ही मिळतं, निवडून घ्या. आणि घरी चांदी उजळायच्या पाण्यात बुडवू नका. ते काळं म्हणजे गंधकाची प्रक्रिया करून मुद्दाम आणलेला थर, बुडवलं की निघून जातो.

लाल खड्यांबाबत घरच्यांचं अर्धं खरं आहे. तपकिरीकडे झुकणारा गार्नेट, त्यात मागून बंद कोंदण, असं असेल तर सावळ्या रंगावर तो काळाच दिसतो. गुलाबीकडे झुकणारं माणिक, मागे डाक म्हणजे चमकता पातळ पत्रा लावलेला केंप (दाक्षिणात्य दागिन्यांतला लाल खडा) किंवा पाठ उघडी ठेवलेलं कोंदण घ्या, लाल लालच दिसेल. डाकेच्या खड्याला पाणी लागू देऊ नका, आत ओल गेली की चमक मरते. हिरव्या चुड्याचंही तेच: आरपार दिसणारी बाटली-हिरवी काच त्वचेचा रंग आतून दाखवते आणि काळपट होते. कासाराकडे जरा उजळ, अपारदर्शक हिरवा मागा. मोती निळसर-पांढरा नको, तो खडूसारखा दिसतो. सायीच्या रंगाचा किंवा गुलाबी झाक असलेला घ्या, नथीत तर नक्कीच.

हे सगळं फक्त कातडीवर बसणाऱ्या दागिन्यांना लागू: ठुशी, चिंचपेटी, कुड्या, नथ, बांगड्या. लक्ष्मीहार, मोहनमाळ, पोहेहार हे साडी-ब्लाउजवर लोळतात, त्यांचा तुमच्या रंगाशी संबंध जवळजवळ नाही. ते काठाच्या जरीशी जुळवा. हा फरक कुणीच सांगत नाही, म्हणून लांब हार परत करायला येणाऱ्या बायका दरवर्षी दिसतात.

दोन गोष्टी राहिल्या. व्हाइट गोल्ड तुम्ही विचारलं नाही, पण कुणी सुचवलंच तर लक्षात ठेवा, वरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा वापराने झिजतो आणि खालचा पिवळट रंग डोकावतो, तो पुन्हा चढवावा लागतो. त्यात निकेल असेल तर काहींच्या कानाला खाज सुटते. आणि सोन्याने गळ्यावर काळी रेघ उठली तर लगेच 'मला सोनं सोसत नाही' म्हणू नका, पावडर-क्रीममधल्या कणांनी धातू घासला जातो, त्याचीच ती रेघ असते बऱ्याचदा.

तुम्ही लग्नाची तारीख लिहिलेली नाही. ठुशी घेतलीत आणि दोरी बदलायची ठरलं, तर पटवेकऱ्याकडे निदान आठ-दहा दिवस आधी टाका. लग्नसराईत त्याच्याकडे सगळ्या गावाच्या ठुश्या ओवायला पडलेल्या असतात.