‘फ्ली’ आणि ‘एस्केप’ या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय?

शब्दकोशात दोन्हींपुढे ‘पळून जाणे’ असा अर्थ दिसतो, त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे; परंतु ‘फ्ली’चा भर धोक्यापासून दूर पळण्यावर असतो, तर ‘एस्केप’चा भर सुटण्यावर असतो. युद्धामुळे गाव सोडून निघालेली माणसे, सुरक्षित स्थळी पोहोचोत वा न पोहोचोत, ‘फ्ली’ करतात. सुटका झाली तरच ‘एस्केप’ म्हणता येते.

‘एस्केप’चे मूळ मला फार बोलके वाटते. लॅटिनमधील ‘बाहेर’ आणि ‘झगा’ या अर्थांच्या शब्दांपासून तो बनला, म्हणजे पकडणाऱ्याच्या हाती झगा ठेवून निसटणे. त्यामुळे त्यात धावणे आवश्यक नसते: अपघातातून थोडक्यात बचावणे, नळीतून वायू निसटणे, इतकेच नव्हे तर एखाद्याचे नाव ऐन वेळी न आठवणे, या सर्वांसाठी हाच शब्द चालतो.

‘फ्ली’चे भूतकाळी रूप ‘फ्लेड’ आहे. ‘फ्लू’ हे ‘फ्लाय’चे, म्हणजे उडण्याचे रूप असल्याने तेथे हमखास चूक होते. कायद्याला चुकवून गुपचूप फरार होण्यासाठी ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ हा वेगळा शब्द आहे.