जर्मन शब्द पाठ केले तरी बोलताना का आठवत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ए-वनचा म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीचा क्लास चालू आहे, रोज वहीत डावीकडे जर्मन उजवीकडे मराठी असे शब्द लिहून पाठ करता आणि तोंड उघडलं की सगळं गायब. बहुतेकांचं हेच होतं, कारण त्या वहीत शब्द एकटा असतो आणि बोलताना तो एकटा कधीच येत नाही.

पहिलं म्हणजे नाम डेर (पुल्लिंग), डी (स्त्रीलिंग), डास (नपुंसकलिंग) लावल्याशिवाय लिहायचंच नाही. आपल्याला तो-ती-ते ची सवय आहे म्हणून तीन लिंगांची भीती वाटत नाही, पण मराठीवरून अंदाज लावू नका, चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल आणि सुरी मात्र डास मेसर, याला काही लॉजिक नाही. काही शेपट्या मात्र मदत करतात, त्साइटुंग (वर्तमानपत्र), वोनुंग (घर) असे बहुतेक उंग-वाले शब्द डी, आणि शेवटी शेन आलं की डास, म्हणून मेडशेन म्हणजे मुलगी असूनही डास (आपल्याकडे पण 'ते पोरगं' असतंच की).

दुसरं, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे, क्रियापद कुणाबरोबर येतं ते बघा. आपण निर्णय 'घेतो', जर्मन माणूस एन्टशायडुंगबरोबर ट्रेफेन वापरतो, जे एरवी भेटण्यासाठी वापरतात. आपण बसची वाट बघतो, तिकडे 'इश वार्टे आउफ डेन बुस', आउफ म्हणजे एरवी 'वर'. आता नुसतं 'वार्टेन = वाट बघणे' पाठ करून हे वाक्य कसं सुचणार? त्यामुळे वहीऐवजी कार्डं करा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन, आणि त्यावर आख्खं वाक्य लिहा, शक्यतो स्वतःच्या रोजच्या आयुष्यातलं.

कार्डसाठी अँकी हे ॲप वापरा, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. ॲप नको असेल तर चपलांचा खोका घेऊन त्यात कप्पे करा, आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात, आणि मागचे कप्पे उशिरा उशिरा बघायचे. झेबास्टियान लाइटनर या लेखकाने १९७० च्या दशकात हीच पद्धत लोकप्रिय केली. फक्त मराठी बाजू बघून जर्मन वाक्य मोठ्याने बोलायचं, उलटं केलं तर नुसती ओळख वाढते, बोलणं नाही.

आणि शब्द कुठले घ्यायचे यात वेळ घालवू नका, ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची ए-वनची शब्दयादी पीडीएफमध्ये फुकट मिळते, बऱ्याच शब्दांपुढे उदाहरणाची वाक्यं पण दिलेली आहेत.