दुखणे विचारताना: नव्या सोबत्यास सल्ला

खानापूर तालुक्यातील वृद्ध रुग्णांना बेळगावच्या दवाखान्यात नेण्याचे काम आपण हाती घेतलेत, याचा मनापासून आनंद वाटला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलू नका. मुलगा, सून किंवा आपणच उत्तरे देऊ लागलो, की आजी "काय न्हाई, जरा दुखतंय" म्हणून गप्प होतात आणि रात्रभर पाय धरून बसल्याचे डॉक्टरांना कळतच नाही.

नुसते "किती दुखते?" विचारून थांबू नका. ठणकते की चमक मारते, आग होते की मुंग्या येतात, हे विचारा. कारण आग आणि मुंग्या पुष्कळदा नसेच्या (मज्जातंतूच्या) दुखण्याकडे बोट दाखवतात व त्यावरचे औषध वेगळे असते. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांची १९७५ ची, दुखणे जोखण्यासाठीची मॅकगिल प्रश्नावली अशाच वर्णनांवर उभी आहे. दुखणे किती, हे शून्य ते दहा आकड्यांत सांगणे जमत नसेल, तर चुलीपुढे बसून भाकरी थापता येते का, हे विचारावे.

चेहरा शांत आहे म्हणून दुखणे कमी समजणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. वर्षानुवर्षे सोसणारी माणसे कण्हत नाहीत.

बाकीचे हळूहळू शिकाल. तूर्त रुग्णाचे बोल जसेच्या तसे वहीत उतरवा आणि केसपेपरसोबत द्या.