आधी तिचा फॉर्म भर

(सोलापूरच्या एका २४ वर्षांच्या टेक्स्टाईल इंजिनिअरचं पत्र आलं आहे. घरी आठ यंत्रमाग. स्वीडनमधल्या बुरोस विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑगस्टअखेर सत्र सुरू होतं. थंडी, अंधार, शाकाहारी जेवण, आई-बाबांचं एकटेपण यांनी झोप उडाली आहे. विचारतो, जाऊ की नको?)

बाळा,

चार पानी पत्रात दोन पानं नुसती थंडीची. आणि शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ : 'धाकटी यंदा टी.वाय.ला ॲडमिशन घेणार नाही, घरी थांबून बाबांचा हिशेब बघेल, म्हणजे तेवढी तरी काळजी मिटली.'

कोणाची मिटली?

थंडीचं आधी उरकते. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. उजेड असेल तेव्हा बाहेर पड, जाड जाकीट तिथेच घे, शेंगाचटणी आई देईलच. मे महिन्यात मागाच्या शेडमध्ये उभा राहणारा मुलगा थंडीही काढेल. जायला तर हवंच तुला. त्या गावात विणकाम १८६६ पासून शिकवतात, आपली जुनी मिल सुरू झाली १८७७ला. चादर-टॉवेलच्या घरातल्या मुलाला याहून चांगली जागा कुठली?

आता बहिणीचं. तू लिहितोस, तिनं 'स्वतःहून' ठरवलं. जेवताना बाबा म्हणत असणार, हा गेल्यावर बिलं कोण बघणार? आई गप्प. तू फीच्या तारखा वाचून दाखवतोयस. अशा वेळी घरातली धाकटी मुलगी दुसरं काय म्हणेल? तिनं 'मी बघते' म्हटलं, तुम्ही कोणी 'नको' म्हटलं नाही, आणि तो तिचा निर्णय झाला! मला राग तुझ्या बाबांचा येत नाही, तुझा येतो. पदवी नसती तर मास्टर्सला अर्जसुद्धा करता आला नसता, हे त्या घरात सगळ्यात जास्त तुला माहीत आहे. तिची पदवी एका वर्षावर आली आहे.

यात पैशाचं कारणही नाही. बी.कॉम.च्या वर्षाची फी तुझ्या विमानाच्या तिकिटात सहज निघेल. तुम्हाला हवाय तिचा वेळ. सूत मोजून घ्यायचं, कामगारांचा पगार करायचा, दर महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटी भरायचा. हे सगळं तू कॉलेज करत करतच केलंस ना? तुला नाही कोणी घरी बसवलं.

स्वीडनमध्ये राहण्याच्या परवान्यासाठी दरमहा दहा हजार क्रोनरच्या (तिकडचं चलन) वर रक्कम स्वतःच्या नावावरच्या खात्यात दाखवावी लागते. त्यासाठी कर्जाचा, व्याजाचा, तिकिटाचा सगळा आकडा तू मला मांडून पाठवलास. त्यात हिशेबनिसाचा पगार कुठेच नाही. कारण तिथे बहीण फुकट धरली आहेस. संध्याकाळी दोन तास येणारा माणूस ठेवा आणि त्याचा पगार तुझ्या शिक्षणाच्या खर्चात धर, कारण तो तुझ्याच शिक्षणाचा खर्च आहे.

तिकडच्या पहिल्या सत्राची फी भरायच्या आधी तिला घेऊन कॉलेजात जा, टी.वाय.चा फॉर्म भर, पावती घे. बाबांशी तू बोल. तिला बोलायला लावू नकोस, ती पुन्हा 'राहू दे' म्हणेल.

माणूस ठेवण्याइतकं जमतच नसेल, तर यंदा तू थांब. पुढच्या वर्षाचे अर्ज जानेवारीच्या मध्यापर्यंत घेतात, अर्जाचे ९०० क्रोनर लागतात. आपल्या सिद्धेश्वराच्या, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पुन्हा अर्ज करून टाक. तुझं मास्टर्स वर्षभर पुढे जाईल, एवढंच. तिचं मात्र तसं नाही. मुलगी घरी बसली आहे असं कळलं की आपल्याकडे महिन्याभरात स्थळं यायला लागतात, आणि मग 'लग्नानंतर शिकेल' असं सगळेच म्हणतात.

ॲडमिशन सुरू आहेत. सोमवारी सकाळीच जा.